दुसरा कोअर आणि एकट्यासाठी लिहिलेले कर्नेल

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात बंदराच्या मानाने लहान अशा आणखी एका योजनेचा देशव्यापी प्रारंभ करण्यात आला. किनाऱ्यावरील १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना सुमारे ३६० कोटी रुपयांची असून तिच्यामागील तंत्र इस्रोने विकसित केलेले आहे. वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या तीरावर वसलेल्या दातिवऱ्यासारख्या गावातील तांडेलाला या यंत्राचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही: मोबाइलची रेंज संपल्यावरही उपग्रहामार्फत किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी संदेश जावेत, संकटात मदतीची हाक पोहोचावी आणि सागरी हद्द जवळ आली तर वेळेत इशारा मिळावा. संगणकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र याच यादीत एक जुना प्रश्न दिसतो. उपग्रहाचा क्षीण संकेत ऐकत राहणे, बोटीचे स्थान काढणे, संदेश साठवणे व पाठवणे आणि मदतीचे बटण दाबले गेले का याकडे सतत लक्ष ठेवणे, अशी एकमेकांना न थांबणारी कामे एका छोट्या चिपवर कशी चालवावीत, हा तो प्रश्न आहे. आणि चिपमध्ये प्रोसेसरचा दुसरा कोअर उपलब्ध असेल तर तो कामाला लावणे वाटते तितके सोपे का नसते, हा त्याचाच पुढचा भाग आहे.

ठरावीक कामासाठी यंत्राच्या पोटातच बसवलेल्या संगणकाला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. ट्रान्सपॉन्डर, विजेचे डिजिटल मीटर, कारखान्यातील तापमान-नियंत्रक, मोटारीचे ब्रेक-नियंत्रक ही सारी त्याची उदाहरणे होत. अशा संगणकात प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि बाहेरच्या तारांवरून येणारे संकेत यांचे वाटप करणारा जो सर्वांत आतला कार्यक्रम असतो, त्याला कर्नेल असे नाव आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष सूचना वाचून त्या अमलात आणणारा भाग. कोअर एकच असेल तर एका क्षणी एकच काम पुढे सरकते. कर्नेल मात्र सेकंदाला शंभर किंवा हजार वेळा वाजणाऱ्या टायमरच्या ठोक्यावर एक काम थांबवून दुसरे हाती घेते आणि त्यामुळे सारी कामे एकाच वेळी चालल्याचा भास होतो. बटण दाबले जाणे किंवा रेडिओवर काही येणे यांसारख्या घटना इंटरप्टच्या रूपाने, म्हणजे हातातले काम मध्येच थांबवणाऱ्या संकेताच्या रूपाने, कोअरपर्यंत पोहोचतात.

एका कोअरचा वेग वाढवत राहणे हा २००४-०५ पर्यंतचा राजमार्ग होता. त्या सुमारास घड्याळाची गती वाढवली की चिप इतकी तापू लागली की तो मार्ग सोडून एका चिपवर दोन, मग चार कोअर बसवण्याकडे उद्योग वळला. मेजावरच्या संगणकांत घडलेला हा बदल काही वर्षांत अगदी स्वस्त चिपांपर्यंत झिरपला. शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची २०१६ मधील ईएसपी-३२ ही चिप दोन कोअरची आहे, आणि या कंपनीचे एक विकसन केंद्र पुण्यातही आहे. रास्पबेरी पाय संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या आरपी-२०४० या चिपमध्येही दोन कोअर आहेत. भारतात, पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या चमूने घडवलेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झालेला हा प्रोसेसर ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शक उपग्रह-प्रणालीच्या रिसीव्हरमध्ये वापरण्याचा विचार तेव्हाच बोलून दाखवला गेला होता. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला ‘ध्रुव-६४’ तर दोन कोअरचाच आहे. म्हणजे पुढच्या काळात या किनाऱ्यावरील एखाद्या यंत्रात देशी दोन-कोअर चिप येणे ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. तिच्यावरचे कर्नेल दोन्ही कोअर वापरू शकेल की नाही, हे मात्र चिप ठरवत नसते.

वीज सुरू होते तेव्हा बहुतेक चिपांत एकच कोअर खऱ्या अर्थाने कामाला लागतो आणि दुसऱ्याला हेतुपुरस्सर बाजूला ठेवले जाते, कारण मेमरी सज्ज नसताना दोघांनी एकदम सुरुवात केली तर दोघेही तीच सुरुवातीची जुळवाजुळव करू लागतील. आरपी-२०४० मध्ये ही व्यवस्था फार स्वच्छपणे पाहता येते. तिच्या कायमस्वरूपी मेमरीत कोरलेला एक छोटा कार्यक्रम दुसऱ्या कोअरला झोपवून ठेवतो, आणि दोन कोअरना जोडणाऱ्या एका अरुंद नळीसारख्या मार्गावर, ज्यात आधी टाकलेला आकडा आधी बाहेर येतो, पहिल्या कोअरकडून सहा आकडे ठरल्या क्रमाने येण्याची तो वाट पाहतो. पहिले तीन आकडे शून्य, शून्य आणि एक असे केवळ खूण पटवण्यासाठी असतात. चौथा आकडा इंटरप्टच्या वेळी कोठे जायचे याच्या तक्त्याचा पत्ता, पाचवा स्टॅकचा पत्ता आणि सहावा पहिल्या सूचनेचा पत्ता. प्रत्येक आकडा मिळाला की दुसरा कोअर तो जसाच्या तसा परत पाठवतो. परत आलेला आकडा जुळला नाही तर पहिला कोअर सारा क्रम पुन्हा आरंभापासून सुरू करतो. सहावा आकडा जुळला की दुसरा कोअर त्या पत्त्यावर उडी घेतो आणि जागा होतो.

या सहांतील स्टॅकचा पत्ता नवशिक्याच्या नजरेतून सहज सुटतो. स्टॅक म्हणजे चालू कामाची अर्धवट माहिती, परतीचे पत्ते आणि तात्पुरती मूल्ये ठेवण्याची मेमरीतील जागा. दोन्ही कोअरना चुकून एकच स्टॅक दिला तर एकाने ठेवलेला परतीचा पत्ता दुसरा पुसून टाकतो, आणि यंत्र सुरू झाल्यावर काही मिलिसेकंदांतच, कसलाही खुलासा न देता, कोसळते. मोठ्या चिपांमध्ये जागे करण्याची पद्धत वेगळी असते: आर्म घराण्यातील प्रोसेसरांत आणि ध्रुव-६४ ज्या रिस्क-फाइव्ह घराण्यातला आहे त्यात, कर्नेलच्या खालच्या थरातील फर्मवेअरला विनंती करून कोअर सुरू करवला जातो. पण कर्नेलला जे द्यावे लागते ते तेच राहते. प्रत्येक कोअरला स्वतःचा स्टॅक, स्वतःचा टायमर, सध्या कोणते काम हाती आहे याची स्वतःची नोंद, आणि काहीच काम नसेल तेव्हा करायचे स्वतःचे रिकामे काम.

येथवरचा भाग कुशल प्रोग्रामर चिपची माहितीपुस्तिका समोर ठेवून आठवड्याभरात उरकू शकतो. दुसरा कोअर जागा झाल्याची ओळ पडद्यावर उमटते आणि काम झाले असे वाटते. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते, कारण जागा झालेला कोअर अशा कर्नेलमध्ये शिरलेला असतो ज्याची प्रत्येक ओळ आजवर एकट्या कोअरसाठी लिहिली गेली होती.

समजा, पाठवायचे राहिलेले संदेश मोजणारी एक संख्या मेमरीत आहे आणि तिचे मूल्य सात आहे. नवा संदेश आला की कर्नेल ती संख्या वाचते, तीत एक मिळवते आणि परत लिहिते. म्हणजे प्रोग्रामरने एका ओळीत लिहिलेली गोष्ट कोअरच्या लेखी तीन पायऱ्यांची असते. दोन कोअरनी एकाच क्षणी सात वाचले, दोघांनीही आठ केले आणि दोघांनीही आठ लिहिले, तर संदेश दोन आले पण नोंद एकाचीच झाली. एकट्या कोअरच्या कर्नेलमध्येही हा धोका इंटरप्टमुळे असतो, पण त्यावरचा उपाय तेथे फार स्वस्त आहे: नाजूक ओळींपुरते इंटरप्ट बंद ठेवले की मध्ये कोणी येऊच शकत नाही. छोट्या कर्नेलांत हा उपाय शेकडो ठिकाणी पसरलेला असतो. दुसरा कोअर येताच त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो, कारण इंटरप्ट बंद केल्याने केवळ स्वतःचा कोअर शांत होतो. शेजारचा कोअर आपल्या गतीने चालूच राहतो.

म्हणून कुलूप लागते, आणि ते उघडे आहे का हे पाहणे व ते लावणे या दोन क्रिया मध्ये फट न ठेवता घडाव्या लागतात, नाहीतर संख्येच्या बाबतीत जे झाले तेच कुलपाच्या बाबतीत होईल. ही हमी केवळ सॉफ्टवेअरच्या हुशारीवर सोडण्याऐवजी हार्डवेअरकडून घेतली जाते. अजित ज्या स्पार्क-व्ही८ या सूचनासंचावर बेतलेला आहे, त्यात यासाठी एक खास सूचना आहे: ती मेमरीतील एक बाइट वाचते आणि त्याच अखंड क्रियेत तेथे २५५ लिहून ठेवते. वाचलेले मूल्य शून्य असेल तर कुलूप आपल्याला मिळाले. २५५ असेल तर ते आधीच दुसऱ्याकडे आहे आणि शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहत राहायचे. अशा जागच्या जागी घिरट्या घालत वाट पाहायला लावणाऱ्या कुलपाला स्पिनलॉक म्हणतात. आरपी-२०४० मधील साध्या कोअरमध्ये अशी सूचनाच नाही, म्हणून तिच्या रचनाकारांनी ३२ स्पिनलॉक थेट सिलिकॉनमध्ये बसवून दिले आहेत. त्यांचा ठरावीक पत्ता वाचला आणि शून्याखेरीज काही मिळाले की कुलूप हाती आले.

रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेले फ्रीआरटीओएस हे छोट्या चिपांवर जगभर वापरले जाणारे कर्नेल. त्याच्या एका कोअरच्या आवृत्तीत नाजूक भागात शिरण्याची आज्ञा कोणतीही माहिती न घेता चालते. ‘आत जा’ एवढेच तिला सांगायचे असते. एस्प्रेसिफने ईएसपी-३२ साठी हे कर्नेल दोन कोअरना योग्य करून घेतले तेव्हा त्याच आज्ञेला कंसात एक कुलूप द्यावे लागू लागले, म्हणजे नेमक्या कोणत्या वस्तूचे रक्षण करायचे आहे ते प्रत्येक ठिकाणी उच्चारून सांगणे भाग पडले. एका कंसाचा हा बदल किरकोळ दिसतो, पण त्यासाठी जुना प्रत्येक नाजूक भाग उघडून ‘येथे खरोखर काय जपले जात होते’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि अनेकदा मूळ लेखकालाही त्याचे उत्तर चटकन देता येत नाही. फ्रीआरटीओएसच्या मुख्य धारेत दोन-कोअर पाठिंबा ११ व्या आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये आला, म्हणजे जन्मानंतर वीस वर्षांनी.

लिनक्सने वेगळी वाट धरली होती. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत अनेक प्रोसेसरांना प्रथमच स्थान मिळाले तेव्हा साऱ्या कर्नेलला मिळून एकच मोठे कुलूप होते. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नेलच्या आत जाऊ शके. सुरक्षित, पण संथ. त्यानंतर हे मोठे कुलूप फोडून त्या जागी बारीक कुलपे बसवण्याचे काम चालत राहिले आणि त्याचा शेवटचा अवशेष २०११ मध्ये निघाला. छोट्या यंत्राच्या कर्नेलनेही आरंभ असाच करावा असे सुचवणे वावगे ठरणार नाही, कारण चुकीच्या बारीक कुलपांपेक्षा एक बरोबर मोठे कुलूप केव्हाही परवडते.

कुलूप असूनही दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे कुलपे एकमेकांत अडकणे: एका कोअरकडे पहिले कुलूप आहे व तो दुसऱ्याची वाट पाहतो, शेजाऱ्याकडे दुसरे आहे व तो पहिल्याची वाट पाहतो, आणि यंत्र स्तब्ध होते, म्हणून कुलपे घेण्याचा क्रम साऱ्या कर्नेलभर एकच ठेवावा लागतो. त्याच जातीची एक चूक एका कोअरवरही होते. काम कुलूप धरून बसले असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्यालाही तेच कुलूप हवे असले, तर तो अनंतकाळ वाट पाहील, कारण ज्याने कुलूप सोडायचे तेच काम त्याने थांबवलेले असते; त्यामुळे इंटरप्ट बंद करणे व कुलूप घेणे ही जोडी फोडता येत नाही. दुसरी गोष्ट कॅशची. मुख्य मेमरी संथ असल्याने कोअर तिच्यातील मजकुराची नक्कल आपल्याजवळच्या लहान, वेगवान कॅशमध्ये ठेवतो. मच्छीमार सोसायटीतील दोन कारकुनांनी मुख्य वहीऐवजी आपापल्या कच्च्या कागदावर हिशेब चालवावा आणि वहीत उतरवण्याचे संध्याकाळवर टाकावे, तसा हा प्रकार आहे. मोठ्या चिपांत या नकला एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची यंत्रणा हार्डवेअरमध्ये असते, पण तिच्यात सामील होण्यासाठी नव्या कोअरला योग्य वेळी नाव नोंदवावे लागते, आणि तोवर त्याने सामायिक मेमरीला हात लावायचा नसतो. शिवाय वेगासाठी कोअर आपले लेखन मागेपुढेही करतो: ‘संदेश लिहिला’ आणि ‘संदेश तयार असल्याचा झेंडा उभारला’ या दोन क्रियांपैकी झेंडा शेजाऱ्याला आधी दिसू शकतो. ते टाळण्यासाठी दोन्हींच्या मध्ये ‘आधीचे सारे पोहोचल्याशिवाय पुढे जाऊ नये’ अशी आडकाठीची सूचना घालावी लागते.

ईएसपी-३२ मध्ये सामायिकतेचा आणखी एक मासला आढळतो. या चिपवर कार्यक्रम बाहेरच्या फ्लॅश मेमरीत असतो आणि दोन्ही कोअर तो कॅशमार्फत वाचून चालवतात. एका कोअरला फ्लॅशवर काही लिहायचे असेल, उदाहरणार्थ मिळालेला संदेश जपून ठेवायचा असेल, तर तेवढ्या वेळापुरती दोन्ही कोअरची ही कॅश बंद करावी लागते. म्हणून लिहिणारा कोअर आधी दुसऱ्याला आतल्या मेमरीतील एका छोट्या फेरीत अडकवतो आणि लेखन झाल्यावर सोडतो. तोवर दुसऱ्या कोअरवरील ज्या इंटरप्टचा कार्यक्रम फ्लॅशमध्ये आहे, तो तसाच ताटकळतो. मदतीच्या बटणासारख्या घटनेचा कार्यक्रम आतल्या मेमरीतच ठेवण्याची काळजी कर्नेल आपोआप घेत नाही. ती प्रोग्रामरला आठवणीने घ्यावी लागते.

इतक्या खटाटोपातून मिळणारी गती दुप्पट असेल, ही अपेक्षा सहसा फोल ठरते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कामाचा ४० टक्के भाग कुलपाआड एकापाठोपाठ एक असाच होत असेल आणि उरलेला ६० टक्के दोन कोअरमध्ये सारखा वाटता येत असेल, तर एकूण वेळ शंभरावरून सत्तरावर येतो. गती जेमतेम १.४३ पट होते. म्हणूनच अनेक यंत्रांत दुसरा कोअर कर्नेलच्या सामायिक कारभारात घेतलाच जात नाही. त्याला स्वतःचा वेगळा, बेताचा कार्यक्रम दिला जातो, मेमरीचा वेगळा तुकडा दिला जातो आणि दोघांतला व्यवहार केवळ संदेशांनी चालतो. एक कोअर रेडिओ सांभाळेल आणि दुसरा बाकी सारे, अशी कायमची वाटणी कामाच्या चढउतारांना दाद देत नाही हे खरे, पण रेडिओला वेळेवर उत्तर मिळेल याची खात्री तीत करता येते, आणि समुद्रावरील यंत्राला सरासरी वेगापेक्षा ही खात्रीच अधिक मोलाची असते.

दुसरा कोअर म्हणजे पहिल्याचा राखीव जोडीदार, हा समज या संदर्भात दूर करणे आवश्यक आहे. खरी राखीव व्यवस्था कशी असते याचे उदाहरण जवळच आहे: दातिवऱ्याच्या उत्तरेला याच किनारपट्टीवरील तारापूर अणुवीज केंद्रात १९६९ पासूनच्या दोन जुन्या अणुभट्ट्यांशेजारी प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या आहेत. त्या २००५-०६ मध्ये वीजनिर्मिती करू लागल्या. अशा जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत आणीबाणीच्या वेळी भट्टी बंद करण्याचा निर्णय तीन स्वतंत्र मार्गांवरून येतो आणि तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की भट्टी बंद होते. तेथील सारे बळ स्वातंत्र्यात आहे: वेगळे संवेदक, वेगळ्या तारा, वेगळा वीजपुरवठा. एका चिपवरच्या दोन कोअरमध्ये नेमके तेच नसते. त्यांची वीज एक, घड्याळ एक, मेमरी एक. एकाने मेमरीचा मार्ग अडवून धरला तर दुसऱ्याचे काम निष्कारण लांबते. विमान-सुरक्षा नियामकांना ही लांबण इतकी काळजीची वाटली की विविध देशांतील प्रमाणन-तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये कास्ट-३२ए या नावाचा स्वतंत्र दस्तऐवज केवळ बहु-कोअर प्रोसेसरांसाठी काढला, आणि त्याआधीची कित्येक वर्षे विमानातील संगणकांत दुसरा कोअर सरळ बंद ठेवणे हाच अनेकांचा पर्याय होता. मोटारींच्या ब्रेकसाठीच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस-५७० मालिकेत तिसरा मार्ग दिसतो: तेथे दुसरा कोअर पहिल्याच्याच सूचना घड्याळाचे एक-दोन ठोके मागे राहून चालवतो आणि दोघांची उत्तरे हार्डवेअर सतत ताडून पाहते. कर्नेलच्या दृष्टीने तेथे कोअर एकच असतो. दुसऱ्याचा उपयोग फक्त चूक पकडण्यासाठी.

बोटीवरील यंत्रात बॅटरी राखण्याचा प्रश्न असतो, म्हणून दुसरा कोअर सुरू करता येणाऱ्या कर्नेलला तो पुन्हा निजवताही यावा लागतो, आणि हे काम जागे करण्याहून अधिक किचकट आहे. त्या कोअरच्या वाट्याची कामे पहिल्याकडे वळवायची, त्याच्या टायमरवर लावलेले गजर हलवायचे, त्याच्याकडे येणारे इंटरप्ट दुसरीकडे फिरवायचे, त्याच्या कॅशमधील मजकूर मुख्य मेमरीत उतरवायचा, नकला जुळवणाऱ्या यंत्रणेतून त्याचे नाव काढायचे आणि मग शेवटची सूचना त्याची त्यालाच चालवू द्यायची. कारण स्वतःला थांबवणे हे त्याच्याखेरीज कोणी नीटपणे करू शकत नाही. यातील क्रम चुकला आणि मजकूर उतरण्याआधीच वीज तोडली गेली, तर नुकताच आलेला संदेश कर्नेलच्या हिशेबात मिळालेला असतो, पण मेमरीत तो कोठेच सापडत नाही.